अल्पव्ययी भारतप्रवास : लेखांक चौथा – लांबच्या तिकिटाचा हिशेब

मागील लेखांकात प्रवासाच्या ऋतूंचा विचार झाला. आता प्रत्यक्ष तिकिटाकडे वळू. हा विस्तीर्ण देश बेताच्या पैशांत पाहू इच्छिणारा गृहस्थ सामान्यतः अर्धपोटी राहून, फलाटावर पथारी पसरून आणि खच्चून भरलेल्या डब्यात रात्र उभ्याने काढून चार पैसे गाठीस बांधू पाहतो. वस्तुतः त्याची मोठी बचत देहाच्या क्लेशांत नसून रेल्वेच्या भाडेपत्रकात दडलेली असते, आणि ते पत्रक वाचण्याची तसदी तेवढी तो घेत नाही.

अंतर जसजसे वाढते तसतसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, हे रेल्वेच्या भाडेआकारणीचे मूलतत्त्व होय. रेल्वेच्या परिभाषेत हिला टेलिस्कोपिक आकारणी म्हणतात. मुंबईहून नागपूरमार्गे हावडा १,९६८ किलोमीटर. हा मार्ग नागपुरास तोडून जो दोन तिकिटे घेतो, त्यास दोन्ही वेळा चढ्या दरापासून प्रारंभ करावा लागतो आणि आरक्षणशुल्कही दोनदा मोजावे लागते. उलट जो थेट हावड्याचे एकच तिकीट घेतो, त्याच्या प्रवासाचा उत्तरार्ध आपोआप स्वस्त पडतो. मग नागपूर पाहावयाचेच नाही की काय? अवश्य पाहावे. ५०० किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर एकदा आणि १,००० किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर दोनदा वाटेत उतरण्याची मुभा नियमांनीच दिलेली आहे. पहिला मुक्काम आरंभस्थानापासून ५०० किलोमीटर ओलांडल्यावाचून करता येत नाही, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस वगळून दोन दिवसांहून अधिक राहता येत नाही. उतरताच स्टेशनमास्तरांकडून अथवा तिकीट तपासनिसाकडून तिकिटावर तशी नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढे हुज्जत उरत नाही. राजधानी, शताब्दी यांसारख्या गाड्यांना ही सवलत लागू नाही. परंतु ज्याचा खिसा हलका आहे त्याला त्या गाड्यांचे प्रयोजनही फारसे नाही.

याच तत्त्वाचा परमोत्कर्ष म्हणजे चक्राकार प्रवासाचे तिकीट. जेथून निघावयाचे तेथेच परत यावयाचे, आणि मध्यंतरी अधिकाधिक आठ ठिकाणी उतरावयाचे, असा हा परवाना. समजा, एखाद्याने मुंबईहून निघून आग्रा, दिल्ली, प्रयागराज, हावडा, भुवनेश्वर, विजयवाडा, चेन्नई आणि सोलापूर अशी आठ ठिकाणे योजिली, तर हा फेरा ६,००० किलोमीटरांच्या आतबाहेर जातो. नऊ टप्प्यांची नऊ तिकिटे काढणारा प्रत्येक टप्प्यास नव्याने चढ्या दराचा धनी होतो. चक्राकार तिकिटाची आकारणी मात्र एकूण अंतराचे दोन समान भाग करून, म्हणजे सुमारे ३,००० किलोमीटरांचे दोन एकेरी प्रवास झाले असे मानून होते. मुदतीचा हिशेबही उदार आहे: ४०० किलोमीटरांमागे एक दिवस प्रवासाचा आणि २०० किलोमीटरांमागे एक दिवस मुक्कामाचा धरला, तर वरील फेऱ्यास सुमारे दीड महिना मिळतो. नोकरदार माणसाची रजा त्याआधीच संपलेली असते.

स्वस्ताईच्या भरात अनारक्षित डब्याचा आश्रय घ्यावा काय? चारसहा तासांच्या दिवसाच्या प्रवासास माझी हरकत नाही. दोन रात्रींच्या प्रवासास आहे. दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर गांधींनी तिसऱ्या वर्गाने देश पालथा घातला आणि १९१७ साली त्या डब्यांच्या दुरवस्थेवर कठोर लेखन केले. तिसरा वर्ग १९७४ साली नावापुरता गेला, आणि १९७७ साली रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते या राजापूरच्या खासदारांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आणली, तेव्हा कोठे गरिबाच्या पाठीस रात्री विसावा मिळाला. तो स्लीपरचा बर्थ सोडून दाराशी बसून राहणे ही काटकसर नव्हे. दुसऱ्या दिवशी डोळे तारवटलेल्या माणसाला भुवनेश्वरची मंदिरे काय दिसणार? शिवाय रात्रीच्या गाडीने निघणाऱ्याचे त्या रात्रीपुरते लॉजचे भाडेही वाचते. उरलेल्या रात्रींसाठी मोठ्या स्थानकांवरील रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी तिकीटधारकास उपलब्ध असतात, आणि तीर्थक्षेत्री धर्मशाळा व भक्तनिवास आहेतच.

आता कामाचे. नेहमीच्या मार्गांची चक्राकार तिकिटे रेल्वेने ठरवून ठेविलेली असतात. आपला मार्ग त्यांत नसेल, तर विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या दप्तरी स्थानकांची क्रमवार यादी देऊन अर्ज करावा लागतो, आणि मंजुरी मिळून तिकीट हाती आल्यावर आरक्षण केंद्रावर टप्प्याटप्प्याचे आरक्षण निराळे करून घ्यावे लागते. असे तिकीटच अस्तित्वात नाही, असे खिडकीवरील एखादा कारकून बिनदिक्कत सांगेल. त्याच्याशी वाद न घालता पर्यवेक्षकास भेटावे. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि हावडा, चेन्नईकडील गाड्या लवकर भरतात. तेव्हा दिवाळीच्या रजेत निघू इच्छिणाऱ्या वाचकांनी आपला अर्ज श्रावणातच द्यावा.