हिवाळ्यात गवताची राखण

क्रिकेटच्या खेळपट्टीवर अंथरलेली काथ्याची मॅट आपल्या परिचयाची आहे. परंतु गोल्फचा खेळाडू स्वतःची छोटी मॅट बरोबर घेऊन हिंडतो, हे ऐकून सुरतेत अनेकांना नवल वाटेल. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’वर नोव्हेंबर ते मार्च या काळात ही पद्धत आहे. चेंडू फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, थांबला की तो कृत्रिम गवताच्या तुकड्यावर ठेवायचा, फटका मारायचा आणि तुकडा उचलून पुढे जायचे.

कारण साधे आहे. लोखंडी काठीच्या फटक्याने तळहाताएवढा गवताचा थर मुळांसकट निघतो. उन्हाळ्यात ही जखम काही आठवड्यांत भरते. जमिनीचे तापमान ५-६ अंश सेल्सिअसखाली गेले, की तेथील गवताची वाढ जवळजवळ थांबते आणि खड्डा वसंतापर्यंत तसाच राहतो. वाणिज्याच्या भाषेत, उत्पन्न बंद असताना मुद्दल खर्ची पडते.

मॅटवरचा फटका वेगळा लागतो, म्हणून काही खेळाडू कुरकुरतात. पण हे मैदान एखाद्या क्लबचे नाही, सार्वजनिक आहे. १९७४ पासून एक ट्रस्ट त्याची व्यवस्था पाहतो. रविवारी तर मैदान सहसा खेळासाठी बंदच असते.

सुरतेत हिम पडत नाही. आपल्या हरळीला छळतो तो उन्हाळ्यातला पाण्याचा तुटवडा आणि सततची तुडवणूक. फुटबॉलच्या गोलपोस्टसमोरची उघडी जमीन पाहावी. गवत वाढत नसेल तेव्हा त्यावरचा भार कमी करावा, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.