आरोपी एक नाही, दोन!

परदेशी सिनेमांत राजवाड्यापुढची छाटलेली हिरवीगार कुंपणं पाहिलीयत ना? त्यातली बरीचशी बॉक्सवूड या झुडपाची. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये त्यावर एक बुरशी आली. पानांवर डाग, फांद्यांवर काळ्या रेघा, आणि बघता बघता झुडपाचा खराटा! २०११मध्ये ती अमेरिकेतही सापडली.

खरा ट्विस्ट पुढेच आहे. डीएनए तपासल्यावर कळलं, आरोपी एक नाही, दोन आहेत: कॅलोनेक्ट्रिया स्यूडोनॅव्हिक्युलाटा आणि कॅलोनेक्ट्रिया हेनरिकोटी. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी जवळपास जुळ्या बहिणी. पण दुसरी जास्त उष्णता सोसते आणि काही बुरशीनाशकांना सहज दाद देत नाही. ती आतापर्यंत युरोपातच आढळलीय. वरून निरोगी दिसणाऱ्या रोपासोबत ती दुसऱ्या देशात पोचली, तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणार कशी? इथेच जीनोम, म्हणजे बुरशीच्या डीएनएचा अख्खा मजकूर, कामी येतो. दोघींच्या मजकुरातला नेमका फरक हेरून त्यांना वेगळं ओळखणाऱ्या चाचण्या तयार करता येतात.

‘बायोवाल्यांना कोडिंग कशाला?’ असं वाटतं तुम्हाला? कोट्यवधी अक्षरांचा हा मजकूर कम्प्युटरशिवाय वाचणार कोण! जेनबँक या डेटाबेसमध्ये असे जीनोम सगळ्यांसाठी मोफत आहेत. लॅपटॉप आहे ना? मग एकदा डोकावून बघाच!