खांबांवरची समुद्राची खूण

इटलीत नेपल्सजवळ भूमध्य समुद्राच्या काठी पोत्झुओली हे प्राचीन गाव आहे. तेथे गेलात, तर रोमन बाजारपेठेच्या अवशेषांतील संगमरवराचे तीन उंच खांब नीट पाहा. तळापासून सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या वर त्यांना भोके दिसतील. ती दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडली आहेत. शिंपले एवढे वर चढले कसे? ते चढले नाहीत. जमीनच खांबांसह समुद्रात खचली आणि पुढे पुन्हा वर आली. खालचा भाग गाळात गाडलेला असल्याने वाचला.

हे गाव ज्वालामुखीच्या विशाल कुंडात वसले आहे. भूगर्भातील शिलारस, वायू व तप्त पाणी यांचा दाब वाढला की जमीन फुगते. ओसरला की खचते. १९८२ ते १९८४ या काळात ती सुमारे १.८ मीटर उचलली गेली व हजारो लोकांना घरे सोडावी लागली. २००५ पासून ती पुन्हा वर येत आहे. म्हणून शास्त्रज्ञ तिची उंची सतत मोजत असतात.