कचेरीची पायरी

निजामी अंमलातल्या दफ्तरांच्या इमारती पाहत हिंडण्याचा मला फार जुना नाद आहे, आणि बालाघाटाच्या ज्या पठारावर मांजरा उगम पावते त्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या मुलखात तो हटकून उचल खातो. १८६५ साली निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली, तेव्हापासून सप्टेंबर १९४८ पर्यंत इकडचे हुकूम हैदराबादेहून सुटत, अंमल गेला, पण तहसील, पेशकार, दाखला, मुदत हे शब्द मागे राहिले, आणि राहिले ते उंच जोते.

जुन्या कचेरीला हरित करावयाचे म्हणजे तिला काही नवे शिकवावयाचे, हा समज मला पटत नाही. जाड भिंती, उंच आढे, उन्हाला बाहेरच थोपवणारी ओसरी, आणि मराठवाड्याच्या माळवदावर पावसाळ्यापूर्वी नेमाने पसरली जाणारी पांढरी माती, ही सारी विजेवाचून गारवा राखण्याची विद्याच होती. ओसरी बंदिस्त करून तिथे कपाटे रचणाऱ्यांनी ती बुडवली. उरलेले काम हिशेबाचे आहे. पंचाहत्तर वॅटच्या पंख्याच्या जागी तीस वॅटचा आला की निम्म्याहून अधिक वीज वाचते. दोनशे चौरस मीटरच्या छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की दोन हजार लिटर पाणी मिळते, आणि या अवर्षणी तालुक्यात ते गटारात सोडणे हा अपराधच मानावा. २०१७ साली राज्याच्या बांधकाम खात्याने एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या केंद्रीय उपक्रमाशी सरकारी इमारतींतले दिवे-पंखे बदलण्याचा करारही केला. दिवे बदलणे सोपे असते.

पायरी बदलणे अवघड. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ती चढता येते हे गृहीतच धरले होते. राजीव रतुरी हे दृष्टिहीन गृहस्थ मात्र ती चढले, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाची, आणि तीही इतरांना चढण्याची सक्ती नसावी म्हणून. त्यांचा खटला चालू असतानाच २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ चे. मुदत जून २०२२ मध्ये सरली. पण खरी गोम त्या नियमांपैकी पंधराव्यात होती: कायदा म्हणतो ‘केलेच पाहिजे’, आणि नियम ज्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखवतो त्यांची भाषा बहुतांशी ‘केल्यास बरे’ अशी. ही विसंगती उघड करणारा अहवाल ज्या संस्थेने न्यायालयापुढे ठेवला, ती नालसार विधि विद्यापीठाची दिव्यांगत्व-अध्ययन शाखा नेमकी हैदराबादेतली, हा योगायोग मला मोठा रम्य वाटतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके निराळी काढण्यास केंद्राला तीन महिने दिले.

तालुक्याच्या ठिकाणी हा वाद पुस्तकी राहत नाही. संजय गांधी निराधार अनुदानाच्या अर्जासाठी बहुधा तहसिलीतच जावे लागते. म्हणजे ज्याचे पाय अधू म्हणूनच सरकार मदत देते, त्यालाच ती मागण्यासाठी जोते चढावे लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या या जिल्ह्यात अपघाताने असा प्रसंग ओढवलेली माणसे भेटतील.

उपाय दगड फोडण्याचा नाही. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर एकास बारा या प्रमाणाने पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांबीची उतरण लागते. ओसरीच्या कडेने, भिंतीला समांतर अशी ती बहुधा मावते, आणि तिच्यासाठी बंदिस्त ओसरी पुन्हा मोकळी केली तर वाराही परत येतो. दोन्ही अंगांना कठडे, वरच्या टोकाला चाकाची खुर्ची वळेल एवढी सपाट जागा, नव्वद सेंटिमीटरचे दार, आणि खालच्या टोकाशी मोटारसायकली लावू न देणारा एक शिपाई.