वाडा, नाव आणि बाजार

सरंजामी मानमरातब कायद्याने संपुष्टात येतात, तेव्हा वारसाच्या हाती दोनच गोष्टी उरतात: पूर्वजांचा वाडा आणि पूर्वजांचे नाव. वाडा राखावयास पैसा लागतो, नाव राखावयास कर्तृत्व. दुसऱ्या महायुद्धानंतर ही दोन्ही भांडवल म्हणून वापरणारे उमराव युरोपात पुष्कळ निघाले. त्यांत फ्लॉरेन्सच्या एमिलिओ पुच्ची (1914–1992) यांचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे.

पुच्ची हे फ्लॉरेन्समधील जुने उमराव घराणे. ज्या रस्त्यावर त्यांचा वाडा उभा आहे, त्या रस्त्यालाही घराण्याचेच नाव आहे. एमिलिओंनी अमेरिकेतील रीड कॉलेजातून 1937 साली एम. ए.ची पदवी घेतली. तरुणपणी ते फॅसिझमचे समर्थक होते. युद्धात ते वैमानिक होते. 1944 साली मुसोलिनीच्या कन्येला स्वित्झर्लंडमध्ये निसटण्यास साहाय्य केल्याबद्दल जर्मनांनी त्यांचा छळ केला. पुढे 1948 साली अमलात आलेल्या इटालीच्या राज्यघटनेने सरदारी किताबांची मान्यताच काढून घेतली.

तोवर या सरदारपुत्राने वेगळी वाट धरली होती. 1947 साली बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी त्यांनी तयार केलेला पोशाख एका अमेरिकन छायाचित्रकर्तीच्या नजरेस पडला आणि तेथून त्यांचा व्यवसाय सुरू झाला. काप्री बेटावर दुकान निघाले. न चुरगळणाऱ्या, घडी घालून पेटीच्या कोपऱ्यात मावणाऱ्या रेशमी कापडावर त्यांनी भडक रंगांच्या आकृती छापल्या. विमानप्रवास वाढू लागलेल्या काळाची गरज त्यांनी नेमकी ओळखली होती. 1965 साली ब्रॅनिफ या अमेरिकन विमान कंपनीच्या हवाईसुंदरींचे गणवेशही त्यांनीच आखले.

या उद्योगाचे केंद्र होते तो पिढीजात वाडा. जेथे पूर्वी पाहुण्यांचा सत्कार होई, तेथे आता ग्राहकांचे स्वागत होऊ लागले. कापडाबरोबर वाड्याची भव्यताही विकली जात होती. आपल्याकडेही हेच घडले. जयपूरचा रामबाग राजवाडा 1957 साली आणि उदयपूरचा तळ्यातील राजवाडा 1963 साली हॉटेल झाला. संस्थानिकांचे तनखे रद्द झाले ते 1971 साली. शहाण्या वारसांनी काळाची पावले आधीच ओळखली होती.

हे यश निव्वळ कर्तृत्वाचे, असे मात्र म्हणता येणार नाही. तितक्याच प्रतिभेच्या एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मुलाला ना वाडा मिळाला असता, ना उच्चभ्रू वर्तुळात प्रवेश. तरीही मिळालेली इस्टेट उधळून बसणारे वारस जगात कमी नाहीत. वारशाला श्रमाची जोड देणे हेदेखील लहान काम नव्हे.

खरा प्रश्न पुढेच आहे. सरदाराने व्यापार करणे अप्रशस्त मानले जाई. म्हणून आरंभी कपड्यांवर कुलनामाऐवजी केवळ ‘एमिलिओ’ अशी सही असे. पुढे कुलनामाचीच छाप झाली. एमिलिओंच्या निधनानंतर, 2000 साली, एलव्हीएमएच या फ्रेंच उद्योगसमूहाने त्या व्यवसायातील मोठा हिस्सा घेतला आणि 2021 साली तो पूर्णपणे आपल्या ताब्यात आणला. राज्यघटनेने किताब नाकारला, तरी नाव घराण्यापाशीच राहिले होते. ते व्यापारचिन्ह झाले, तेव्हा मात्र त्याचा मालक बदलू शकला. जे नाव बाजारात उभे राहून कुटुंबाला तारते, त्याची किंमत शेवटी बाजारच ठरवतो. वारसाने उद्योगात उतरावे हे स्वागतार्हच. पण नाव गहाण टाकताना ही अट प्रथम वाचावी.