जमीन आडवी सरकते तेव्हा

10 जुलै 2024 च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास पुसद, उमरखेड भागात जमीन हादरली. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता 4.5. नंतर कितीतरी दिवस आमच्या वर्गात एकच प्रश्न होता : सर, जलजला येतो तेव्हा खाली नेमके काय होते?

याचे सर्वांत ठळक उत्तर म्यानमारमध्ये दिसले. आपला भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकतो आहे. हिमालयात तो समोरून धडकतो. म्यानमारमध्ये मात्र शेजारच्या भूपट्टाला घासून पुढे जातो. या घासण्याची मुख्य रेघ म्हणजे सगाइंग प्रस्तरभंग, उत्तर-दक्षिण हजार किलोमीटरहून लांब. दोन्ही तळहात घट्ट दाबून एक पुढे, एक मागे ढकलून पाहा. आधी अडकतात, मग झटक्याने सुटतात. तिथला वेग वर्षाला जेमतेम दोन सेंटिमीटर, पण खडक अडकून राहतो आणि ताण साठत जातो.

28 मार्च 2025 ला तो सुटला. रमजानमधला जुमा, दुपारची वेळ, मंडाले-सगाइंगच्या मशिदी भरलेल्या. तीव्रता 7.7. साडेचारशे किलोमीटरहून अधिक लांब जमीन चिरली. एका फाटकाजवळच्या कॅमेऱ्यात पलीकडची जमीन झाडांसकट सुमारे अडीच मीटर बाजूला गेलेली दिसते, तीही एक-दोन सेकंदांत! साडेतीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत नमाजला आलेले शेकडो होते. कित्येक मशिदी जुन्या होत्या आणि त्यांच्या दुरुस्तीला परवानगी मिळणे वर्षानुवर्षे कठीण होते.

आपण भूपट्टाच्या कडेपासून दूर आहोत, हे खरे. पण 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंपही खडक असेच आडवे सरकून झाला. (तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्याच पुसदचे वसंतराव नाईक.) 1993 मध्ये किल्लारीला खडक एकमेकांवर चढले. सरकण्याची तऱ्हा वेगळी, पण दोन्हीकडे माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या घरांखाली.

म्हणून आम्हाला काळजी वाटते ती बांधकामाची. मशिदीवर मजला चढवताना फरशीचा रंग ठरवायला चार बैठका होतात. जुने कॉलम तो भार पेलतील का, सळईला रिंगा किती अंतरावर घातल्या, हे अभियंत्याला कोण विचारतो? घरातही पलंगाशेजारचे लोखंडी कपाट पट्टीने भिंतीला पक्के करता येते. माळ्यावरचे जड हंडे खाली उतरवता येतात.

वर्गात आम्ही बाकाखाली शिरण्याचा सराव घेतो. मुले चटकन शिरतात, पण दप्तर उचलायला अजून थांबतात.