पाण्याखालचे देऊळ आणि निरपेक्ष सौंदर्य

इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन देऊळ वर्षाचा बहुतेक काळ उजनी जलाशयाच्या पाण्यात असते. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यापायी नदीकाठची गावे उठली, पळसदेव नव्या गावठाणात गेले. देऊळ मात्र होते तेथेच राहिले. पाणी थोडे ओसरले म्हणजे शिखर दिसू लागते. अवर्षणाच्या वर्षी उन्हाळ्यात जलाशय फारच खाली गेला म्हणजे कोरीव खांबांसह सारे मंदिर उघडे पडते. मग दूरदूरची माणसे वाट वाकडी करून येतात, छायाचित्रे घेतात आणि 'किती सुंदर!' असे म्हणत परत जातात. पावसाळ्यात पाणी चढते व देऊळ पुन्हा दिसेनासे होते. प्रश्न असा की, या मधल्या काळात, जेव्हा त्याच्याकडे पाहणारा एकही डोळा नसतो, तेव्हा ते देऊळ सुंदर असते काय?

हा प्रश्न रिकाम्या वेळच्या वादाचा आहे असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. ज्या मुलखात कालव्याचे आवर्तन लांबले तर उभे पीक जाते, उसाच्या बिलावर घरातले लग्नकार्य ठरते आणि शेतीचा गुंठान् गुंठा हिशेबात धरला जातो, तेथे न पाहिलेल्या सौंदर्याची चर्चा कोणाला सुचावी? तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न नेमका अशाच मुलखात विचारावयास हवा. धरणाची उंची किती ठेवावी, माळ नांगरावा की राखावा, जुना वाडा पाडावा की डागडुजी करून ठेवावा, असे निर्णय समाजाला सतत घ्यावे लागतात. 'सुंदर' या शब्दाला काही वजन आहे की नाही, याविषयी काहीएक गृहीत धरूनच ते घेतले जातात. ते गृहीत तपासून पाहणे हा रिकामा उद्योग खास नव्हे.

किंमत आणि मूल्य

अर्थशास्त्राचा अध्यापक या प्रांतात थोडा अडचणीत असतो. ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे उदाहरण देऊन दाखविले की, अत्यंत उपयुक्त वस्तूला बाजारात फारशी किंमत येत नाही आणि जिचा उपयोग थोडा तिला अतोनात किंमत येते. पुढच्या शतकातील अर्थशास्त्रज्ञांनी सीमांत उपयोगितेच्या कल्पनेने हे कोडे सोडविले. वस्तूचे मोल तिच्या अंगी नसून, तिचा आणखी एक नग हाती आल्याने ग्राहकाला किती समाधान होते त्यात आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे मूल्य वस्तूतून निघाले आणि ग्राहकाच्या मनात जाऊन बसले. बाजाराचे व्यवहार समजून घेण्यास हा विचार फार उपयोगी पडला. परंतु तो वर्षानुवर्षे वर्गात शिकविताना एक गोष्ट ध्यानात येते. विद्यार्थी तो कांद्या-बटाट्यापुरता ठेवीत नाहीत. सत्य, चांगुलपणा, सौंदर्य या सर्वांना ते तोच नियम लावतात. 'व्यक्ती तितक्या प्रकृती. ज्याला जे आवडले ते त्याच्यापुरते सुंदर' एवढे म्हटले की त्यांच्या दृष्टीने चर्चा संपली!

ती इतक्या लवकर संपत नाही. आवडणे आणि सुंदर असणे यांत आपण रोजच्या बोलण्यातही फरक करतो. 'मला भाकरीबरोबर ठेचा आवडतो' या विधानावर कोणी वाद घालीत नाही. 'हे देऊळ सुंदर आहे' असे म्हणणारा मात्र दुसऱ्याच्या होकाराची अपेक्षा करतो. तो मिळाला नाही तर 'जरा नीट पाहा' असे सांगतो. कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच भेद पायाभूत मानला. सौंदर्याचा निर्णय देणारा माणूस स्वतःपुरते बोलत नसतो, सर्वांच्या वतीने बोलत असतो. आणि त्या निर्णयात त्याचा लाभ गुंतलेला नसतो. आपल्याकडे जगन्नाथ पंडिताने त्याच्या आधी शंभराहून अधिक वर्षे, 'रसगंगाधर' या ग्रंथात, रमणीयतेपासून होणाऱ्या आनंदाला लोकोत्तर म्हटले. पुत्रजन्माची वार्ता ऐकून किंवा धनलाभाचे आश्वासन मिळून होणारा हर्ष त्याने त्यातून स्पष्टपणे वगळला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे वगळणे मनात पक्के ठेवावे. पैसा मिळाल्याचा आनंद खरा असतो, मोठाही असतो. परंतु तो सौंदर्याचा आनंद नव्हे.

मात्र या दोहोंची सरमिसळ सहज होते. थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ साली दाखवून दिले की, पुष्कळदा आपण महागपणालाच सौंदर्य समजतो. हाताने घडविलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावर काढलेला त्याचा हुबेहूब नमुना यांत डोळ्यांना फरक करता आला नाही, तरी नक्कल उघडकीस येताच तिची शोभा उतरते. हातमागाची म्हणून वाखाणलेली पैठणी यंत्रमागावरची निघाली की आपल्या घरांतूनही हेच घडते. व्हेब्लेनचा टोला वर्मी लागणारा आहे. पण त्यातून सिद्ध काय होते? पुष्कळांना नाणे पारखता येत नाही, इतकेच. खरे नाणे अस्तित्वातच नाही, हे त्यातून निघत नाही.

ही भरल्या पोटाची चैन काय?

येथे एक गंभीर आक्षेप येतो. निर्हेतुकपणे पाहणे ज्याची चूल पेटलेली आहे त्यालाच परवडते. उजनीचे पाणी आटले म्हणजे पळसनाथाचे देऊळ दिसते. पण ज्याचा ऊस वाळत आहे, त्या शेतकऱ्याला त्या देवळात दुष्काळच दिसणार. पर्यटकाचा पर्वकाळ तो त्याचा पडता काळ. तेव्हा 'लाभनिरपेक्ष सौंदर्य' ही सुस्थित वर्गाने आपल्या सवडीला दिलेली प्रतिष्ठा तर नव्हे?

या आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य केला पाहिजे. संकटात सापडलेल्या माणसाने सौंदर्य पाहावे असा आग्रह धरणे हा निर्दयपणा होईल. परंतु उत्तरार्ध खरा नाही, आणि त्याचा पुरावा याच दोन तालुक्यांत दरवर्षी आषाढाच्या तोंडावर मिळतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते तेव्हा काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. मधली मोकळी जागा, भोवती पताकांचा फेर, टाळांचा एकच ठेका, आणि त्या स्थिर वर्तुळात वेगाने धावणारे अश्व. हे सारे उभे करणाऱ्यांत मोठा भाग कोरडवाहू शेतकऱ्यांचा, शेतमजुरांचा, मेंढपाळांचा असतो. त्यांनी सवड मिळण्याची वाट पाहिली नाही. भक्ती हा त्यांचा हेतू आहे हे खरेच. पण भक्तीला रेटारेटी चालली असती, तिने वर्तुळ का निवडले? जात्यावर बसलेल्या बाईला पीठच हवे होते, तर ओवीचा घाट कशाला हवा होता? गरज भागल्यावर जे उरते ते सौंदर्य, हे समीकरण आपल्या लोकजीवनाने कधीच खोटे ठरविलेले आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचे गमक लयीत शोधले. संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल यांच्या संबंधांतून लय सिद्ध होते, अशी त्यांची मांडणी आहे. बेलवाडीच्या रिंगणात टाळांचा संवाद आहे, स्थिर फेर व धावते अश्व यांचा विरोध आहे, आणि दोहोंना सांभाळणाऱ्या वर्तुळाचा समतोल आहे. मर्ढेकरांचा सिद्धांत साहित्यास कितपत लागू पडतो यावर मराठीत पुष्कळ वाद झाला. परंतु त्यातील एक गोष्ट आपल्या प्रश्नाला फार जवळची आहे. संबंध ही दाखविता येणारी गोष्ट आहे. 'मला बरे वाटते' याच्या पलीकडे जाऊन 'हे येथे असे आहे' म्हणून बोट ठेवता येते.

पाहणारा नसेल तर?

बोट ठेवता येते हे खरे. पण ठेवणाराच नसेल तर? जी. ई. मूर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९०३ साली हीच कल्पना टोकाला नेली. एक जग कल्पनेत येईल तितके सुंदर, दुसरे निव्वळ घाणीचा ढिगारा; दोन्ही कोणी कधी पाहिलेली नाहीत आणि पुढेही कोणाला दिसावयाची नाहीत. तरीसुद्धा त्यांतील पहिले असणे अधिक चांगले नाही काय? मूरचे उत्तर 'होय' असे होते. मात्र त्याच ग्रंथाच्या अखेरीस त्याने हेही मान्य केले की, सौंदर्याच्या जाणिवेला जे मूल्य आहे त्याच्यापुढे नुसत्या सौंदर्याच्या असण्याचे मूल्य अगदीच अल्प आहे. आपल्या रसचर्चेनेही सहृदयाला बाजूस सारले नाही. रा. भा. पाटणकरांनी १९७४च्या 'सौंदर्यमीमांसे'त दाखविल्याप्रमाणे कलाविचाराला लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशी दोन टोके आहेत, आणि त्यांपैकी कोणतेही एक सोडून देता येत नाही.

या दोन्ही टोकांना सांभाळणारे उत्तर शेतकऱ्याच्या घरातच मिळते. कणगीत भरून ठेवलेले बियाणे पेरल्यावाचून उगवत नाही. त्याला माती हवी, ओल हवी. परंतु उगवण्याची शक्ती बियाण्याच्या अंगी असते, मातीच्या नव्हे. म्हणून तर आपण न पेरलेल्या दाण्यांतही बियाणे कोणते व पोचट कोणते असा भेद करतो. सौंदर्याचेही तसेच आहे. त्याची पूर्ती सहृदयाच्या मनात होते, पण त्याचे कारण वस्तूच्या घडणीत असते. पाण्याखालच्या देवळाच्या खांबांचे प्रमाण आणि शिखराचा चढता घाट श्रावणातही तोच असतो. या अर्थाने, आणि एवढ्याच अर्थाने, त्याचे सौंदर्य निरपेक्ष म्हणावयाचे.

रुची बदलते त्याचे काय, असे विचारले जाईल. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेल्या या कवीने बारामतीस राहून सारे महाभारत आर्येत बांधले. १७९४ साली त्यांचे निधन झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची बाजू आवेशाने मांडली. पुढच्या पिढ्यांना त्यांचे यमक-अनुप्रास श्रमसाध्य वाटू लागले. आज त्यांचा वाचक विरळा. पण वाचक कमी झाले म्हणून आर्येची एक मात्राही हललेली नाही. बदलला आहे तो आपला कान. तो पुन्हा तयार करता येतो, आणि मोरोपंतांत खरे सुंदर किती व नुसती कसरत किती, याचा निर्णय त्या तयार कानानेच करावा लागेल. मतभेद होतात याचा अर्थ निकष नाही असा होत नाही. ताळेबंदावर दोन लेखापालांचे मतभेद झाले म्हणून शिल्लक काल्पनिक ठरत नाही.

हिशेबातील कोरा रकाना

आता पुन्हा हिशेबाकडे वळू. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी पाण्याने दुष्काळी पट्ट्यात ऊस आणला, शहरांना पिण्याचे पाणी दिले. हे धरण झाले नसते तर बरे झाले असते, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. याच धरणाच्या फुगवट्यावर भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. धरणाने एक सौंदर्य बुडविले आणि दुसरे, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, निर्माण केले. पक्ष्यांसाठी पर्यटक येतात, नावाड्याला चार पैसे मिळतात, म्हणून हे दुसरे सौंदर्य हिशेबात शिरले. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी राखलेले, पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास क्षेत्राचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. तसाच दुसरा माळ, त्यावर गवत तसेच डोलत असले तरी, लोकांच्या बोलण्यात 'पडीक' ठरतो. येथे पीक नाही, गिऱ्हाईक नाही, म्हणून रकाना कोरा.

अर्थशास्त्राने हा कोरेपणा अगदीच दुर्लक्षिलेला नाही. जॉन क्रुटिला यांनी १९६७ साली असे दाखविले की, एखादे निसर्गस्थळ आपण कधीही पाहणार नसलो तरी ते 'आहे' एवढ्यासाठी माणसे काही देण्यास तयार असतात. पुढे यालाच अस्तित्व-मूल्य म्हणू लागले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण तेही कोणाच्या तरी खिशापाशी येऊन थांबते. सौंदर्याचे कारण वस्तूतच असेल, तर ती बिघडते त्या क्षणी हानी होते. कोणी पाहो वा न पाहो, पैसे देवो वा न देवो. पळसदेवच्या देवळाचा दगड पाण्याच्या चढउताराने झिजत असतो. सौंदर्य केवळ पाहणाऱ्याच्या मनात असते, तर वर्षातील ज्या महिन्यांत ते दिसत नाही त्या महिन्यांतील झीज ही झीजच नव्हे, असे म्हणावे लागेल. हे कोणाच्याही विवेकाला पटण्यासारखे नाही.

एक गैरसमज मात्र टाळला पाहिजे. निरपेक्ष म्हणजे सर्वोपरी नव्हे. सौंदर्य स्वतःच्या हक्काने मोल मागते. पाणी, अन्न, निवारा यांच्या आधी बसण्याचा हक्क ते मागत नाही. तहानलेल्या गावासाठी देऊळ बुडवावे लागले, तर बुडवावे. पण तेव्हा आपण काही गमावत आहोत हे नोंदवूनच बुडवावे, आणि जे वाचविता येईल ते वाचवावे. पाणी उतरते त्या थोड्या दिवसांत मंदिराची काटेकोर मोजमापे घेणे, आराखडे काढणे, ढासळणारे भाग सावरणे यांस लागणारा खर्च धरणाच्या खर्चापुढे नगण्य आहे. आसपासच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या व स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला अभ्यासविषय कोणता मिळणार? आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाचा लाभ-व्यय मांडताना शेवटी एक रकाना सौंदर्यासाठी ठेवावा. त्यात आकडा लिहिता येणार नाही. आकडा नाही म्हणून तेथे शून्य लिहू नये, एवढे शिकले तरी पुष्कळ झाले.